गाडीच्या मागच्या काचेला लूव्हर घरीच बसवा

भावांनो, मागच्या दाराशेजारच्या फिक्स काचेवर लागून बसणारे लूव्हर, म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचं शोभेचं कव्हर, घरी लावणं काय अवघड नाही, सगळा खेळ काच पुसण्यात आहे. ओल्या फडक्यावर भागवू नका. आधी शाम्पूने धुवा, मग मेडिकलमधलं आयसोप्रोपिल अल्कोहोल मायक्रोफायबरवर घेऊन पुसा, कारण वॅक्स किंवा पॉलिशचा हात राहिला की लूव्हरच्या मागची चिकट टेप धरतच नाही आणि गगनबावड्याच्या पावसात एक कोपरा उचलला की आत चिखल बसलाच म्हणून समजा.

टेपवरचा कागद काढायच्या आधी लूव्हर नुसता धरून बघा, डावा-उजवा वेगळा असतो. मास्किंग टेपने खुणा करा आणि ड्रायव्हर सीटवरून मान वळवून मागची गाडी दिसतीय का बघा, नसेल दिसत तर सरळ परत करा, गाडीच्या लुकपेक्षा ते लय महत्त्वाचं.

कागद एकदम ओढू नका. दोन टोकं इंचभर सोडवून बाहेर दुमडा, लूव्हर खुणेला लावा, मग कागद हळूहळू ओढत मागोमाग अंगठ्याने कडा दाबत जा. व्हीएचबी टेप (ही दोन्ही बाजूंनी घट्ट चिकटणारी टेप) साधारण 21 ते 38 अंश सेल्सिअसमध्ये चांगली बसते, म्हणून थंडीत सकाळी नको, दुपारी सावलीत करा, पावसाळ्यात उघडीप बघून. पूर्ण पकडायला 72 तास लागतात, तोवर वॉशिंग सेंटरचं नाव काढू नका.

काढायचा झाला तर हेअर ड्रायरने गरम करून दाताच्या फ्लॉसने टेप कापा, स्क्रूड्रायव्हर घातला की पेंट गेला.