नॅरोबोटवर राहायला येताय? या चुका टाळा

लंडनमधल्या एका खोलीचं भाडं ऐकून डोळे पांढरे झाले की आपल्या मंडळींत कुणीतरी हमखास विचारतं, "त्यापेक्षा कालव्यावर बोट घेऊन राहिलं तर?" राहता येतं. मी स्वतः ग्रँड युनियन कालव्यावर नॅरोबोटमध्ये राहते आणि हे आयुष्य मला मनापासून आवडतं. म्हणूनच दर वसंतात नवे लोक येतात आणि त्याच त्या चुका करतात, तेव्हा जीव तुटतो. यातली एकही चूक अवघड कारणाने होत नाही. घाई, आळस आणि "एवढ्याने काय होतंय" ही तीनच कारणं असतात.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: नॅरोबोट ही पोलादी, लांबट आणि जेमतेम सात फूट रुंदीची बोट. इंग्लंडमधल्या बऱ्याच जुन्या कालव्यांवरची लॉक, म्हणजे बोट वर-खाली नेणाऱ्या पाण्याच्या खोल्या, अठराव्या शतकात तेवढ्याच रुंदीची बांधली गेली, म्हणून बोटीही तेवढ्याच. लांबी जास्तीत जास्त बहात्तर फुटांच्या आसपास. इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे २००० मैलांचे जलमार्ग २०१२ पासून कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट सांभाळतो. परवाना त्यांच्याकडूनच घ्यायचा.

झरोके बुजवणं

ही चूक मी सगळ्यात आधी लिहिते आहे, कारण बाकीच्या चुकांनी पैसे जातात, हिने माणूस जातो.

बोटीत उबेसाठी बंद दाराची लोखंडी शेगडी असते, त्यात बिनधुराचा कोळसा जळतो. दारांच्या खालच्या भागात जाळ्या आणि छतावर छत्रीसारखे झरोके असतात. ते बांधणाऱ्याने विचार करून ठेवलेले असतात. जानेवारीत त्या जाळ्यांतून बोचरं वारं आत येतं आणि नवा माणूस काय करतो? जुने टॉवेल, फोमचे तुकडे, कागद, हाताला लागेल ते त्यात कोंबतो.

पुण्याहून आलेला एक मुलगा एका हिवाळ्यात माझ्या शेजारी बोट बांधून होता. त्याने झरोके तर बुजवलेच, शिवाय फोडणी दिली की धुराचा अलार्म ओरडतो म्हणून त्याची बॅटरी काढून ठेवली. शेजारचा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही त्याला तसाच वाटला, म्हणून त्याचीही काढली. हे दोन अलार्म अगदी वेगळे आहेत. एकाला धूर कळतो, दुसऱ्याला तो वायू, आणि एकाचं काम दुसरा करत नाही. रात्री झोपताना त्याने शेगडीतली राख बादलीत काढली आणि बाहेर थंडी म्हणून बादली आतच, पायऱ्यांपाशी ठेवली.

सकाळी तो टोपाथवर, म्हणजे कालव्याकाठच्या पायवाटेवर, भेटला, चेहरा उतरलेला. "ताई, डोकं फार दुखतंय, मळमळतंय. सर्दी होणार बहुतेक. पण बाहेर आल्यावर जरा बरं वाटतंय." बाहेर आल्यावर बरं वाटतंय, हे ऐकलं आणि मी त्याला पुन्हा आत जाऊ दिलं नाही. दोन्हीकडची दारं उघडली आणि त्याला लगेच इस्पितळात पाठवलं. रक्ताच्या तपासणीत कार्बन मोनॉक्साइडच निघाला. राखेची बादली मी उचलली तेव्हा ती अजून कोमट होती.

विझल्यासारख्या दिसणाऱ्या राखेत निखारे असतात आणि ते तासन्‌तास हा वायू सोडत राहतात. त्याला वास नाही, रंग नाही. डोकेदुखी, मळमळ, थकवा ही लक्षणं फ्लूसारखीच, त्यामुळे माणूस पांघरूण ओढून पुन्हा झोपतो. तिथेच घात होतो. बोट सेफ्टी स्कीमच्या नियमांत २०१९ पासून राहत्या बोटींना कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म सक्तीचा आहे, पण बॅटरी काढलेल्या अलार्मपुढे नियम काय करणार?

माझी पद्धत अशी. राख झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत काढायची आणि ती थेट काठावर न्यायची. डेकवरसुद्धा ठेवायची नाही, कारण तिथून वायू दारातून आत येतो. दर रविवारी दोन्ही अलार्मचं बटण दाबून आवाज ऐकायचा. शेगडीच्या दाराभोवतीची, फट बंद करणारी दोरी सैल झाली की लगेच बदलायची. फोडणीच्या वेळी वरची खिडकी आणि बाजूचं दार उघडायचं, अलार्मला हात लावायचा नाही. थंडी वाजते? स्वेटर घाला, जमिनीवर जाड सतरंजी टाका, शेगडी नीट पेटवा. झरोका मात्र उघडाच राहील.

लॉकमध्ये सिल विसरणं

लॉक म्हणजे पाण्याची खोली. पुढे दारं, मागे दारं. पाणी भरलं की बोट वर येते, सोडलं की खाली जाते. वरच्या दारांच्या तळाशी दगडी किंवा काँक्रीटचा उंबरठा असतो, त्याला सिल म्हणतात. लॉक भरलेलं असताना तो पाण्याखाली असतो, दिसत नाही. पाणी उतरू लागलं की तो उघडा पडतो आणि तुमच्या बोटीचा मागचा भाग त्याच्यावर असेल तर तो तिथेच अडकतो. पुढचा भाग मात्र पाण्याबरोबर खाली जातो. बोटीच्या पुढच्या दारांतून पाणी आत शिरलं की ती काही मिनिटांत बुडते. सिल कुठवर आहे हे सांगणारी पांढरी रेघ लॉकच्या काठावर रंगवलेली असते. ती सजावट नाही.

एका उन्हाळ्यात मी लॉकच्या खाली थांबले होते, वरून एक नवी जोडी उतरत होती. माझी पाळी यायची होती म्हणून मदतीला विंडलास घेऊन वर चढले. लॉकमधल्या पाण्याच्या झडपेला पॅडल म्हणतात आणि ती उघडायची हँडल म्हणजे विंडलास. खाली कुणीतरी वाट बघतंय या संकोचाने नवरासुद्धा सुकाणू सोडून काठावर आला होता. दोघांनी एकेक पॅडल धरून दोन्ही एकदम पूर्ण उघडली. बोटीवर माणूस नाही, दोर हातात नाही. बोट हळूच मागे सरकली. मी पोचले तेव्हा आतून भांडी पडल्याचा आवाज येत होता. पुढचं टोक खाली झुकलेलं, मागचं जागचं हलेना.

मी ओरडले, "पॅडल पाडा!" एक मी पाडलं, दुसरं त्या नवऱ्याने. मग वरची पॅडल एकेक, अगदी थोडी थोडी उघडून पाणी परत भरलं. एकदम उघडली असती तर वरून येणारा लोट अडकलेल्या बोटीवर आदळला असता. बोट सिलवरून सुटली, पण रडर, म्हणजे सुकाणूचं पाण्यातलं पातं, त्याच्या खोबणीतून निघालं होतं. ती दोघं काठावर बसून राहिली. बायको थरथरत होती, कारण मिनिटभर आधीच ती आत पाण्याची बाटली आणायला जाऊन आली होती.

म्हणून सांगते, उतरताना सुकाणूवर माणूस हवाच आणि त्याची नजर पांढऱ्या रेघेवर हवी. काठावरच्या माणसाचा हात पॅडलजवळ आणि डोळे बोटीवर, मोबाइलवर नाहीत. पॅडल आधी अर्धं उघडा, बोट नीट उतरते आहे हे पाहा, मग पुढचं. उतरताना दोर खुंटाला बांधून ठेवू नका, बोट लटकते. एक वेढा देऊन हातात धरा. पॅडल उघडून झालं की विंडलास काढून हातात घ्या, खटका निसटला तर ती गरगर फिरून माणसाला फेकून मारते. आणि मागे कुणी थांबलं असेल तर थांबू द्या. कालव्यावर राहणारा शहाणा माणूस घाई करणाऱ्याला नावं ठेवतो, सावकाश उतरणाऱ्याला नाही.

बॅटरीला घरचा प्लग समजणं

बोटीतली वीज तुम्ही साठवलेली असते. साध्या लेड-ॲसिड बॅटऱ्या निम्म्याखाली वारंवार उतरवल्या तर वर्ष-दीड वर्षात कामातून जातात, आणि मग लोक विकणाऱ्याला दोष देतात. विजेची किटली, हेअर ड्रायर, इस्त्री विसरा. मिक्सर चालतो, पण मी चटणी-वाटण इंजिन सुरू असताना करून ठेवते. सौर पॅनलवर उन्हाळा आरामात निघतो. डिसेंबरात इथे दिवसच आठ तासांचा, तोही ढगाळ, तेव्हा पॅनलच्या भरवशावर बसू नका. इंजिन चालवा, पण बांधलेल्या जागी रात्री ८ ते सकाळी ८ नाही. शेजाऱ्याची झोप तुमच्या चार्जिंगपेक्षा मोठी आहे.

बाकीच्या, थोडक्यात

बोट पाण्याबाहेर काढून तपासणी न करता विकत घेणं. नव्या बोटीचा तळ साधारण १० मिलिमीटरचा आणि बाजू ६ मिलिमीटरच्या असतात. पत्रा ४ च्या खाली गेला की विमा मिळवताना नाकीनऊ येतात. आतली नवी लाकडी सजावट पाहून भुलणाऱ्यांना मी आता दोनदा सांगते, तिसऱ्यांदा नाही.

बोट ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्यात दोर किंवा कापड अडकल्यावर इंजिन बंद करून किल्ली खिशात न घालता वीड हॅचमध्ये, म्हणजे पंख्यापर्यंत हात पोचणाऱ्या झाकणाच्या तोंडात, हात घालणं. आणि काम झाल्यावर तिचं झाकण घट्ट न आवळणं. इंजिन सुरू होताच पंखा त्यातून पाणी आत फेकतो आणि बोट मागून बसते. झाकण आवळा, हाताने हलवून बघा, मगच किल्ली.

हिवाळ्यात ब्युटेनची टाकी. शून्याच्या आसपास ती गॅसच देत नाही. प्रोपेन घ्या, आणि दोन टाक्या ठेवा, कारण पहिली नेहमी रात्रीच संपते.

पाण्याची टाकी तळाला जाईपर्यंत थांबणं. कडाक्याच्या थंडीत काठावरचा नळ गोठतो. अंदाज पाहून आधीच भरा.

संडासाची कॅसेट काठोकाठ भरू देणं. जवळचं एल्सन, म्हणजे ती रिकामी करायची जागा, बंद असली तर पुढचं कित्येक मैलांवर असतं. कालव्यात ओतायचा विचारही मनात आणू नका.

पोहे, पापड, मसाले बाहेरच्या पत्र्याला टेकलेल्या कपाटात ठेवणं. पत्र्यावर दव धरतं आणि सगळं सादळतं. गादीखाली फळ्यांची हवेशीर जाळी नसेल तर दोन महिन्यांत बुरशी येते. हवाबंद डबे घ्या, गादी आठवड्यातून उभी करा.

बांधलेल्या बोटींजवळून वेगात जाणं. ताशी ४ मैल ही कमाल मर्यादा आहे, गाठायचं लक्ष्य नाही. तुमच्या मागे ओढलं जाणारं पाणी दुसऱ्याचे खुंट उपटतं. मी पहिली बोट दिसायच्या आधीच वेग कमी करते.

आणि १४ दिवस. कायमची जागा न घेता फिरतं राहणाऱ्यांनी एका ठिकाणी सलग १४ दिवसांपेक्षा जास्त राहायचं नाही, हे १९९५ च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्यात आहे. नोकरी, मुलांची शाळा एका जागी आणि बोट त्याच दोन पुलांमध्ये पुढे-मागे, असं करणाऱ्यांना ट्रस्टच्या नोटिसा येतात आणि पुढे परवान्यावर गदा येते. शाळा सोडवत नसेल तर पैसे भरून कायमची जागा घ्या. ती मिळेल का, केवढ्याला मिळेल, हे बोट घेण्याआधी विचारा. लंडनच्या आसपास या जागा कमी आणि महाग आहेत. भाडं वाचवायला बोट घेणाऱ्याचा हिशेब बहुतेक वेळा इथेच चुकतो.

हिवाळ्यात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, लॉक आणि पूल दुरुस्तीसाठी आलटूनपालटून बंद होतात. यादी आधीच जाहीर होते. कोळसा, डिझेल आणि एल्सन तुमच्या बाजूला राहतील असं पाहून, ती यादी समोर ठेवून ऑक्टोबरातच जागा ठरवा.