उबुंटू अपग्रेड करण्याआधी पायथन पॅकेजेसची यादी काढून ठेवा

उबुंटू २२.०४ वरून २४.०४ वर गेलं की सिस्टीमचं पायथन ३.१० चं ३.१२ होतं, आणि कालपर्यंत चालणारी स्क्रिप्ट ‘मॉड्यूल सापडत नाही’ म्हणून अडून बसते. पॅकेजेस कुठेही गेलेली नसतात. व्हेन्व्हच्या (म्हणजे एका प्रकल्पापुरत्या वेगळ्या ठेवलेल्या पायथन फोल्डरच्या) ‘लिब’मध्ये ‘पायथन३.१०’ नावाच्या फोल्डरात ती जशीच्या तशी असतात. नवं पायथन मात्र ‘पायथन३.१२’ शोधत असतं. फोल्डरचं नाव बदलून भागवायला जाऊ नका. नमपायसारख्या (आकडेमोडीच्या) पॅकेजमधला सी भाषेतला भाग त्या आवृत्तीपुरताच बांधलेला असतो.

अपग्रेडच्या आदल्या दिवशी प्रत्येक व्हेन्व्ह चालू करून ‘पिप फ्रीझ’चं (पायथनच्या पॅकेज बसवणाऱ्या पिपची ही कमांड बसवलेल्या पॅकेजेसची यादी देते) आउटपुट एका फाइलमध्ये साठवा. नंतर जुनं व्हेन्व्ह बाजूला ठेवा, नवं बनवा आणि ‘पिप इन्स्टॉल’ला ‘-आर’ लावून ती फाइल द्या.

यादी काढायची राहूनच गेली? तरी घाबरू नका. जुन्या व्हेन्व्हच्या ‘पायथन३.१०’मधल्या ‘साइट-पॅकेजेस’ फोल्डरात ‘डिस्ट-इन्फो’ने संपणारे फोल्डर बघा, पॅकेजचं नाव आणि आवृत्ती दोन्ही तिथेच लिहिलेलं असतं. मी एकदा अख्ख्या प्रकल्पाची यादी अशीच उतरवून काढली होती. एखादी जुनी आवृत्ती ३.१२ वर बसलीच नाही, तर यादीतल्या तेवढ्या ओळीतला आवृत्तीचा आकडा त्याआधीच्या ‘==’सकट काढून टाका.