आरतीच्या पुस्तिका घरी छापताय? आधी ट्रेमधला कागद काढा

गणपतीला दहा दिवस राहिलेत. आमच्या वाडीत आरती घरोघर फिरते. एकेका मखरासमोर वीस-पंचवीस डोकी असतात आणि मुंबईहून आलेल्या पोरांचा आवाज दुसऱ्या कडव्यानंतर हळूहळू पुटपुटण्यावर येतो. म्हणून गेल्या वर्षी घरच्या इंकजेट प्रिंटरवर तीस पुस्तिका छापल्या, ए-४ कागद मधे दुमडून. हरतालिकेच्या रात्री बसलो होतो, यावरूनच काय ते समजा. पहिल्याच घरात शेजारच्या आबांनी पुस्तिका डोळ्यांपाशी नेली, लांब धरली, परत जवळ घेतली आणि विचारलं, "माजा चष्मा गेला, का तुजी अक्षरंच दोन दोन हायत रं?" चष्मा ठणठणीत होता.

तर यंदा ज्यांना हा उद्योग करायचाय त्यांनी पहिली गोष्ट करायची ती ही: ट्रेमधला कागद काढा. वरचे चार नव्हेत, सगळा गठ्ठा. चांगला दिसतो, म्हणून ठेवू नका. गुहागर तालुक्यात श्रावण-भाद्रपदात मिठाला पाणी सुटतं, पापड डब्यात मऊ पडतो, आणि कागद तेवढा कोरडा राहील? कागद हवेतली ओल पितो, फुगतो, आणि सगळीकडे सारखा फुगत नाही, म्हणून त्याला लाटा येतात. माझा कागद मागच्या ट्रेमध्ये आठ दिवस उभा होता, तोही समुद्राकडच्या खिडकीशी. हाताला काही जाणवत नव्हतं. टेबलावर एकच ताव ठेवून डोळा कडेच्या पातळीवर आणला तेव्हा लाट दिसली, पण तोवर गौरी जेवून गेल्या होत्या.

लाटेने अक्षर दुहेरी का होतं ते सांगतो, नाहीतर तुम्ही ऐकणार नाही. छापणारं हेड डावीकडून उजवीकडे जाताना शाई उडवतं आणि परत येतानाही उडवतं. हेड पळत असतं, त्यामुळे थेंब सरळ खाली न पडता थोडा पुढे जाऊन पडतो. जाताना एका बाजूला, येताना दुसऱ्या. प्रिंटर हा फरक हिशेबात धरतो, पण त्या हिशेबात हेड आणि कागद यांच्यातलं अंतर ठरलेलं असतं, जेमतेम मिलिमीटरभर. कागद फुगून वर आला की अंतर बदललं, आणि काना एकाचे दोन झाले. लाटेच्या खळग्यात अक्षर बरं, उंचवट्यावर दुहेरी. माझ्या पुस्तिकेत एकाच ओळीत दोन शब्द स्वच्छ आणि तिसरा भुतासारखा होता. शेवटच्या संस्कृत मंत्रांतली जोडाक्षरं तर नुसते काळे ठिपके.

आणि मी काय केलं? त्याच ओलसर कागदावर चार वेळा हेड अलाइनमेंट केली, म्हणजे जातानाचे आणि येतानाचे थेंब एकमेकांवर जुळवायची प्रिंटरमधली सोय. अलाइनमेंट प्रिंटर लक्षात ठेवतो हो! लाटेवर बघून निवडलेला जोड त्याच्या डोक्यात बसला, मग रात्री दोनला कोरं रिम फोडलं तरी अक्षरं दुहेरीच. "चालतंय की," म्हणून छापून टाकलं. मधे कागदावर इस्त्रीही फिरवली होती. कागद वाळला, पण पन्हळीसारखा वळला. करू नका.

रिमचं वेष्टन आतून ओल अडवणारं असतं, ते कामाच्या दिवशीच फोडा. शृंगारतळीहून आणलेलं रिम दुकानात उघडं पडलेलं नाही ना, तेही बघून घ्या. उरलेले ताव जाड प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड दुमडून, आडवे. आमच्याकडे ते आता साडीच्या चेनवाल्या कव्हरात, कपाटात असतात. दोन्ही बाजूंनी छापायचं तर ७० जीएसएमच्या पातळ कागदाच्या नादी लागू नका.

आता गेल्या वेळचा बिघडलेला कागद समोर घ्या. देवनागरीची एक सोय आहे, आडवी शिरोरेषा आणि उभा काना ही दोन मापं आयती मिळतात. शिरोरेषा अखंड आहे पण कागदाच्या कडेला तिरकी चाललीय, तर कागदच तिरका ओढला जातोय. अलाइनमेंट हजारदा केली तरी फरक पडायचा नाही. काना दुहेरी किंवा करवतीच्या दात्यांसारखा दिसतो, तर जाता-येताचा जोड बिघडलाय, तिथे अलाइनमेंटचं काम. शिरोरेषेत पांढऱ्या बारीक चिरा असतील तर बहुधा नोझल, म्हणजे शाई उडवणारं हेडचं बारीक छिद्र, तुंबलंय. पानभर ठीक पण एका ठरावीक उभ्या पट्ट्यातच अक्षरं उडी मारतात, तर आतली पारदर्शक पट्टी मळलेली असणार. आणि सगळं सुबक, फक्त जागेवर नाही, म्हणजे प्रिंटर बिचारा निर्दोष आहे, सेटिंग तुमचं चुकलंय.

सेटिंगचं आधी. कागदाचं माप दोन ठिकाणी बघायचं, फाइलमध्ये आणि प्रिंटरच्या सेटिंगमध्ये. बरेचदा तिथे लेटर हे अमेरिकन माप बसलेलं असतं. ते २१६ × २७९ मिलिमीटर, आपलं ए-४ २१० × २९७. म्हणजे रुंदीला सहा जास्त, उंचीला अठरा कमी. आपण मात्र प्रिंटरला शिव्या देत बसतो. दुसरं, पीडीएफ छापताना 'फिट' नको, 'ॲक्चुअल साइझ' किंवा १०० टक्के. फिटने पान ९७ टक्क्यांवर आलं तर २९७ मिलिमीटरची उंची २८८ होते. मजकूर मधे बरोबर आणि दोन्ही टोकांना साडेचार-साडेचार मिलिमीटर आत. पानावर दहा सेंटिमीटरची रेघ काढा, छापा, फूटपट्टी लावा. ९.७ भरली तर उत्तर मिळालं.

मग ट्रे. रिकामा झालाय ना? (काढला ना कागद?) टॉर्च मारून आत बघा. मागचा ट्रे वरून उघडा असतो, त्यात काहीही पडतं. आमच्यात एकदा पालीचं अंडं निघालं. नवे वीसेक ताव सुटे करा, टेबलावर आपटून कडा जुळवा, मगच घाला, आणि खाली ढकलू नका, नुसते टेकू द्या. बाजूचे गाइड कागदाला शिवतील इतपतच. सैल राहिले तर कागद तिरका जातो, आवळले तर मधे फुगतो. तरीही तिरका जात असेल तर रबरी रोलरवर धूळ बसून तो एका बाजूला घसरतोय. साध्या पाण्यात ओलसर केलेल्या, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसून वाळवा.

पारदर्शक पट्टीला हात लावायचा तर आधी प्लग काढा. हेड जिथे सरकतं त्या वाटेवर ती आडवी ताणलेली असते, तिच्यावर डोळ्यांना जेमतेम दिसतील अशा बारीक रेघा असतात आणि त्या मोजत हेड आपण कुठे आहोत ते ओळखतं. शाईचा डाग पडला की मोजणी चुकते. मऊ ओलसर फडकं हलकेच फिरवायचं. थिनर नाही, ओढाताण नाही. ती निसटली तर तुमच्या पुस्तिका यंदा विसर्जनानंतर.

यानंतर नोझल चेक (सगळ्या छिद्रांतून शाई येते का ते दाखवणारा रेघांचा नमुना), आणि तो स्वच्छ आला तरच अलाइनमेंट. उलटं केलंत तर तुटक्या रेघांवरून जोड निवडाल. हेड क्लीनिंगचा सपाटा लावू नका, ते शाई पितं. दोन-तीनदा करून जमलं नाही तर रात्रभर सोडा. अलाइनमेंट कोरड्या, नुकत्या फोडलेल्या रिमच्या कागदावर. परत सांगतो, ट्रेमध्ये आधीपासून होता त्या कागदावर नाही. नमुन्यांतून फट किंवा काळी रेघ सगळ्यात कमी दिसते तो आकडा द्यायचा, चष्मा लावून, दिवसाउजेडी. काही प्रिंटर तो कागद काचेवर ठेवून स्वतःच वाचतात. कार्ट्रिजमध्येच हेड असलेला प्रिंटर असेल तर नवीन कार्ट्रिज घातल्यावर हे पुन्हा. एवढं करूनही काना दुहेरीच राहिला तर सेटिंगमधला हाय स्पीड किंवा बायडिरेक्शनल हा पर्याय काढून टाका. हेड एकाच दिशेने छापेल, वेळ जवळपास दुप्पट लागेल, पण आबा काही बोलणार नाहीत.

पुढचं पटापट. पानांची संख्या चारच्या पटीत. दुसरी बाजू छापताना आखूड कडेवर उलटा, नाहीतर मागची पानं उलटी लागतात. आधी एकच पुस्तिका पूर्ण काढा, ट्यूबलाइटसमोर धरा, पाठपोट ओळी जुळतात का बघा, दुमडून बघा. पहिली बाजू शाईने ओली असते, या हवेत दहा मिनिटं तरी पसरून ठेवा. लाइट गेले तर हेड मधेच अडकतं, हाताने ढकलू नका. लाइट आल्यावर चालू करून त्याला आपल्या जागी जाऊ द्या. बंद प्रिंटरच्या बटणाने, बोर्डाच्या नव्हे. पिना आणून ठेवा. हरतालिकेच्या रात्री बसू नका.

काम झाल्यावर ट्रेमध्ये पाच-सहा ताव उरतील. असू देत, दत्तजयंतीला लागतील, असं वाटेल. काढा.