चार्जरसमोर गाडी लावताना: एका टॅक्सीवाल्याचं सांगणं

मी पुणे-मुंबई इलेक्ट्रिक टॅक्सी चालवतो, हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली. एक्स्प्रेसवेवर चार्जर अडला की माझी पुढची फेरी बोंबलते, म्हणून थोडं स्पष्टच लिहितो.

फास्ट चार्जरला बहुधा दोन गन, म्हणजे गाडीत खुपसायचे केबलचे प्लग, असतात. 60 किलोवॉटच्या मशीनवर दुसरी गाडी लागली की बऱ्याच ठिकाणी वीज दोघांत 30-30 वाटली जाते. शेजारचं मशीन रिकामं असेल तर तिकडे जा. तुमचंही लवकर उरकेल, आधीच्याचंही.

रांग असेल तर 80 टक्क्यांना गन काढा. त्यापुढे बॅटरी वीज हळूहळूच घेते. तेवढ्या वेळात मागच्याचं बरंचसं चार्जिंग होऊन जातं. मुंबईकडे जाणाऱ्यांना तर लोणावळ्यात शंभर टक्के भरून फायदाच नाही. बोरघाट उतरताना मोटर बॅटरी भरत असते, पण आधीच भरलेल्या बॅटरीत ती वीज मावणार कुठे? मग सगळा भार ब्रेकवर. पुढे खरंच चार्जर नसेल तर भरा की शंभर, फक्त मागे थांबलेल्याला तसं सांगा.

चार्जिंग संपल्यावर जागा अडवण्याचे काही कंपन्या वेगळे पैसे लावतात. टेस्लाने हे 2016 सालीच सुरू केलं: पाच मिनिटांत गाडी हलवली तर माफ, नाहीतर मिनिटामिनिटाला मीटर. आपल्याकडे कंपनीगणिक नियम वेगळे, त्यामुळे सुरू करण्याआधी अ‍ॅपमधला दर नीट वाचा. जेवायला बसलात तर फोन सायलेंटवर ठेवू नका.

पेट्रोल-डिझेलवाला चार्जरसमोर गाडी लावून वडापाव खायला गेला असेल तर? रस्त्यावर ‘नो पार्किंग’चा बोर्ड असेल तर पोलिसांचं चलन बसतं, पहिल्यांदा 500, पुन्हा केलं तर 1500, टोइंगचे वेगळे. फूड मॉलच्या आवारात मात्र पोलिसांची वाट बघण्यात अर्थ नाही. पार्किंगवाल्या दादांना गाठा, गाडीचा नंबर माईकवरून पुकारायला लावा. माणूस खाली मान घालून येतो. भांडण काढलंत तर तो चहाही सावकाश पितो.

दुसऱ्याची गन ओढून काढायच्या भानगडीत पडू नका. ती गाडीला लॉक असते, जोर लावलात तर खर्च तुमच्या गळ्यात. मशीनवरचं लाल बटणही आग-धुरासाठी आहे, चार्जिंग थांबवायला नाही. ते दाबलं की काही मशीन कस्टमर केअरला फोन केल्याशिवाय पुन्हा सुरूच होत नाहीत, आणि सगळी रांग तुमच्या नावाने खडे फोडते. त्यापेक्षा प्रत्येकाने काचेमागे मोबाईल नंबरची चिठ्ठी ठेवावी. माझ्या डॅशबोर्डवर कायम असते.

निघताना गन हुकाला अडकवा, केबल गुंडाळून वर ठेवा. जमिनीवर टाकलेल्या गनवरून चाकं जातात, पावसात तोंडात चिखल भरतो, आणि मग ॲपवर ‘मशीन बंद’ दिसतं.