मुंबईत गेको पाळायचा खर्च: हिशेब कसा मांडावा

पहिल्यांदाच गेको, म्हणजे पालीच्या जातीचा प्राणी, पाळणार असाल तर लेपर्ड गेको घ्या. तो १५ ते २० वर्षं जगतो, त्यामुळे त्याच्या किमतीपेक्षा पुढच्या वर्षांचा खर्च आधी मांडावा लागतो. क्रेस्टेड गेको तयार पावडर खातो म्हणून स्वस्त वाटतो. पण पारा २८ अंशांच्या वर गेला की त्याला उकाडा बाधतो. मुंबईत त्याच्यासाठी एप्रिल-मेमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबरात एसी चालवावा लागेल. ते बिल झेपणार नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

१. आधी कागद. पक्कं बिल आणि प्राणी कुठून आला याचा पुरावा मागा. टोके गेको कायद्याने संरक्षित आहे, तो घेऊच नका. डे गेकोसारख्या साइटीस (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीतल्या प्रजातींची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. लेपर्ड गेकोचा भाऊबंद महाराष्ट्राच्या रानातही राहतो. रानातून धरलेला प्राणी कितीही स्वस्त मिळाला तरी नको.

२. घर. मोठ्या गेकोला ३६ × १८ इंचांची जागा द्या. क्रॉफर्ड मार्केट परिसरात किंवा जवळच्या अ‍ॅक्वेरियमवाल्याकडे मापाची काचपेटी करून घेता येते. झाकण मात्र स्टीलच्या जाळीचं हवं. पावसाळ्यात काचेचं झाकण लावलं की आत दमटपणा कोंडतो आणि कातडीचे, श्वसनाचे आजार सुरू होतात. तळाला वाळू नको, ती पोटात जाऊन आतडं तुंबतं. खरखरीत टाइल्सचे उरलेले तुकडे किंवा किचन पेपर पुरतो. लपायला तीन जागा: एक उबदार, एक गार, एक ओलसर. ओलसर जागेसाठी भोक पाडलेला प्लास्टिकचा डबा आणि भिजवलेला पेपर चालतो. कात टाकताना हा ओलावा मिळाला नाही तर बोटांना जुनी कात आवळून बसते आणि बोटं झडतात.

३. ऊब. इथे काटकसर करू नका. उबदार बाजूची जमीन ३२ ते ३४ अंश, गार बाजू २४ ते २६ च्या आसपास हवी. १५ वॅटचा हीट मॅट (पेटीखाली लावायची विजेवर तापणारी चटई) अखंड चालला तरी महिन्याला ११ युनिटच्या आसपास बसतो. बिलातल्या आपल्या दराने गुणा. खरी गरज थर्मोस्टॅटची, म्हणजे ठरलेल्या तापमानाला मॅट आपोआप बंद-चालू करणाऱ्या उपकरणाची. लॅमिंग्टन रोडला अंडी उबवण्याच्या यंत्रात वापरतात तसला डिजिटल थर्मोस्टॅट मिळतो. जोडणी मात्र वायरमनकडून करून घ्या. त्याचा सेन्सर मॅट आणि काचेच्या मध्ये पक्का चिकटवा. तो निसटून बाहेर लोंबकळला तर त्याला खोलीची हवा लागते, मॅट तापतच राहतो आणि गेकोचं पोट भाजतं. मे महिन्यात खोलीच ३४ अंशांवर जाते, तेव्हा मॅट बंद ठेवा आणि गार बाजूच्या जाळीवर फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली ठेवा.

४. खाणं. मोठा गेको आठवड्यातून तीनदा सहा-सात किडे खातो, म्हणजे महिन्याला फार तर ९०. एक किडा ४ रुपयांना धरला तर ३६० रुपये. गव्हाच्या कोंड्यात मीलवर्म (भुंगेऱ्याच्या अळ्या) घरी वाढवले तर हा खर्च बराच उतरतो. ओलाव्यासाठी गाजराची चकती द्या, पण पावसाळ्यात ती रोज बदला; कोंड्याला बुरशी आणि बारीक माइट लागली की अख्खी पैदास फेकावी लागते. घरातली झुरळं कधीच खाऊ घालू नका, सोसायटीच्या पेस्ट कंट्रोलचं विष त्यांच्या पोटात असू शकतं. कॅल्शियम आणि डी-३ च्या पावडरी लहान डब्यात घ्या, उघडल्यावर त्यांचा कस उतरतो. कॅल्शियम चुकवलं तर हाडं मऊ पडतात, आणि त्याचे उपचार पावडरीपेक्षा कितीतरी महाग पडतात.

५. डॉक्टर आणि सुट्ट्या. गेको घ्यायच्या आधीच परळच्या बैलघोडा हॉस्पिटलपासून चौकशी सुरू करा: सरपटणारे प्राणी कोण तपासतं, कोणत्या दिवशी. महिन्याला ५०० रुपये वेगळे टाकत जा, जंतांसाठी विष्ठेची तपासणी आणि आजारपण त्यातून निघतं. गणपतीला गावी जाणार असाल तर पाणी बदलायला, किडे टाकायला कुणीतरी लागेल. त्याचेही पैसे धरा.

६. गेको शेवटी. पेटी आठवडाभर रिकामी चालवा, तापमान लिहून ठेवा. ते स्थिर राहिलं की मगच प्राणी आणा. शेपटी जाड, डोळे स्वच्छ, सगळी बोटं शाबूत असलेला निवडा, आणि विकणाऱ्याला त्याला समोरच किडा खाऊ घालायला सांगा.