एरोस्पेस आणि मेकॅनिकल एकत्र करायचंय? आधी पासपोर्ट बघा

बारावीचा निकाल लागला की मेसेज सुरू होतात. ताई, अमेरिकेत एरो आणि मेक दोन्ही डिग्र्या एकदम कराव्या का, झेपेल का, पुढं नासात लागेल का. शेवटचा प्रश्न पोरांचा नसतो, त्यांच्या काकांचा असतो. नासाच्या कायम नोकरीला अमेरिकन नागरिकत्व लागतं, त्यामुळं तो विषय इथंच मिटला.

अभ्यासाचं आधी सांगून टाकते, कारण भीती त्याचीच असते आणि खरं तर तीच त्यातल्या त्यात सोपी बाजू आहे. स्टॅटिक्स, डायनॅमिक्स, थर्मो, फ्लुइड्स, स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स दोन्हीकडं सारखंच, म्हणजे दुप्पट अभ्यास नाही, एखादं सेमिस्टर किंवा वर्ष वाढतं. त्रास बारीक गोष्टींचा होतो. फ्लाइट डायनॅमिक्समध्ये एक्स अक्ष विमानाच्या नाकाकडं, वाय उजव्या पंखाकडं आणि झेड चक्क खाली, म्हणजे विमान वर चढलं की झेड मायनसमध्ये, आणि त्याच आठवड्यात मेकच्या पेपरला झेड वर धरून गणित करायचं. मी उत्तरपत्रिकेच्या कोपऱ्यात आधी अक्ष काढायचे, मग प्रश्न वाचायचे.

दुसरं म्हणजे वरच्या वर्गातले बरेच विषय वर्षातून एकाच सेमिस्टरला असतात. एक सुटला की त्याच्यावर अवलंबून असलेले सगळे वर्षभर लटकतात. म्हणून पहिल्याच सेमिस्टरला शेवटपर्यंतचा तक्ता कागदावर मांडा आणि अ‍ॅडव्हायझरच्या आधी एखाद्या सीनियरला दाखवा. अ‍ॅडव्हायझरला कॅटलॉग पाठ असतो, पण कुठला प्रोफेसर सुट्टीवर गेला की कुठला कोर्स गायब होतो ते सीनियरच सांगतो. सोडवलेल्या असाइनमेंट विकत घेणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही, मशीन डिझाइनच्या पेपरला त्यांची तोंडं बघितलीत मी.

आता मुख्य गोष्ट, आणि ही नीट वाचा बे.

अमेरिकेत रॉकेट, क्षेपणास्त्रं, लष्करी विमानं, काही प्रकारचे सॅटेलाइट यांची तांत्रिक माहिती शस्त्रास्त्र निर्यातीच्या नियमांखाली येते, त्या नियमांना आयटार म्हणतात. त्यात माहिती परदेशी माणसाला दाखवणं म्हणजे निर्यातच धरतात, मग तो माणूस अमेरिकेतच, त्याच ऑफिसात, शेजारच्या टेबलावर का बसेना. चालतं कोण, तर ‘यूएस पर्सन’, म्हणजे नागरिक, ग्रीन कार्डवाले आणि तिथं रीतसर आश्रय मिळालेले. एफ-१ व्हिसावर शिकणारे आपण त्यात नाही. मार्क कितीही असोत. कंपनीला परवाना काढता येतो, पण फ्रेशरसाठी ती उठाठेव कोण करतंय?

मला हे कळलं करिअर फेअरच्या रांगेत. टेबलावरच्या बाईंनी माझा रिझ्युमे वाचला, विंड टनेलच्या (मॉडेलवर वारा सोडून चाचणी घेतात त्या बोगद्याच्या) प्रोजेक्टचं कौतुकानं विचारलं, मॉडेल कसं बसवलं, बल मोजायचा बॅलन्स कुठला वापरला, पाच मिनिटं मस्त गप्पा, आणि मग हसतच विचारलं, यूएस पर्सन आहेस का? नाही म्हटल्यावर रिझ्युमे माझ्या हातात परत आणि वर कंपनीचं एक पेन. पुढच्या टेबलावर तेच, त्याच्या पुढंही तेच. घरी शेत तारण ठेवून कर्ज काढलेलं, आणि कन्सल्टंटनं व्हिसाच्या मुलाखतीला कुठला शर्ट घालायचा इथपर्यंत सगळं सांगितलं होतं, हे सोडून. ज्याचं कमिशन विद्यापीठाकडून येतं त्याचा सल्ला सल्ला म्हणून घेऊ नये, असं माझं ठाम मत झालंय.

अजून एक. दोन डिग्र्या म्हणजे दोनदा ओपीटी (डिग्रीनंतर विद्यार्थी व्हिसावरच तिथं काम करायची परवानगी), असं नाही. ओपीटी शिक्षणाच्या पातळीवर मिळते, दोन्ही बॅचलर असतील तर एकदाच, १२ महिने आणि स्टेमचे, म्हणजे विज्ञान-इंजिनिअरिंगसारख्या विषयांचे, वाढीव २४. पहिल्या १२ महिन्यांत एकूण ९० दिवसांच्या वर बेकार राहता येत नाही.

घाबरलात? घाबरू नका, इथंच तर मेकची डिग्री कामाला येते. एसी-व्हेंटिलेशन, गाड्या, पंप, मेडिकल उपकरणं, फॅक्टरी, इथं बहुतेक ठिकाणी व्हिसाचं विचारतात पण आयटारचं नाही. प्रवासी विमानांचं बरंचसं कामही वेगळ्या, त्यामानानं सैल नियमांत येतं. आणि विद्यापीठातल्या ज्या संशोधनाचे निकाल खुलेपणानं छापायचे असतात त्याला सूट असते. म्हणून लॅबमध्ये शिरतानाच प्रोफेसरला सरळ विचारा, सर, हे प्रोजेक्ट एक्स्पोर्ट कंट्रोल्ड आहे का? वाईट काही वाटत नाही त्यांना, रोजचाच प्रश्न आहे तो.

परत यायचं ठरलं तरी मेकच तारतं. इस्रोच्या सायंटिस्ट-इंजिनिअर एससी (हा पदाचा दर्जा, जातीचा प्रवर्ग नव्हे) पदांच्या केंद्रीय जाहिराती काढून बघा, शाखा येतात त्या मुख्यतः इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल, कॉम्प्युटर सायन्स. नुसता एरोवाला जाहिरात वाचून गप्प बसतो. आणि पैशाचं जमत नसेल तर इथंच वालचंदसारख्या इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकल करा, एमटेकच्या प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेत एरोस्पेसचा वेगळा पेपर असतो तो द्या आणि आयआयटीत एरोला एमटेक करा. हा रस्ता कमी दर्जाचा नाही, उलट कर्जाचा हप्ता नसलेला आहे.

तरी जायचंच असेल तर एसओपीत, म्हणजे अर्जासोबतच्या निबंधात, लहानपणी गच्चीवरून विमान बघायचो वगैरे लिहू नका, सगळेच गच्चीवर असतात. २०२३ मध्ये सोलापूरच्या होटगी रोडच्या विमानतळाला अडथळा ठरते म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली, तेव्हा अख्खं सोलापूर राजकारण बोलत होतं. धावपट्टीच्या टोकापासून किती अंतरावर किती उंचीचा अडथळा चालतो, त्या उताराचं गणित करून दोन परिच्छेद लिहा, वाचणारा थांबेल.

आणि शिकून परत निघताना दोन्ही डिग्र्यांच्या सीलबंद ट्रान्सक्रिप्टच्या (अधिकृत गुणपत्रकांच्या) जादा प्रती घेऊनच विमानात बसा. इथं सरकारी नोकरीला अर्ज करताना परदेशी डिग्री इथल्या डिग्रीच्या तोडीची असल्याचं समकक्षता प्रमाणपत्र मागतात, आणि सोलापुरात बसून अमेरिकेच्या रजिस्ट्रार ऑफिसला फोन लावायचा म्हणजे रात्री साडेअकराला.