इंग्रजी वाक्यातला सूर कोठे वळतो, ते कसे ओळखावे

इंदूरच्या मराठी घरांतील मुलांना इंग्रजी बोलायला शिकवताना ‘प्रश्न असला की आवाज वर न्यावा आणि विधान असले की खाली आणावा’ हा उपदेश मला वारंवार खोडून काढावा लागतो. ‘आर यू रेडी?’ हा हो-नाही उत्तराचा प्रश्न बहुधा चढत्या सुरात विचारतात. परंतु ‘व्हेअर डू यू लिव्ह?’ हा प्रश्न इंग्लंडमधील प्रमाण बोलीत साधारणपणे उतरत्या सुरात संपतो. ‘व्हेअर’वरच सूर चढवला, तर तुम्हाला आधीचे उत्तर ऐकू आले नाही असा समज होतो.

चढ आणि उतार कानाला वेगळे जाणवावेत म्हणून ‘सॉरी’ हा शब्द दोन्ही प्रकारे म्हणून पाहावा: उतरता म्हटला तर क्षमायाचना होते, चढता म्हटला तर ‘काय म्हणालात?’ असा अर्थ होतो. यादी सांगताना शेवटच्या नावावर सूर उतरवावा, म्हणजे ती संपल्याचे कळते.

खरी अडचण पुढे आहे. सूर वाक्यातल्या कोणत्या अक्षरावर वळवायचा, येथे मी स्वतः कितीतरी दिवस अडखळले, कारण प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द ठासून म्हणण्याची मला सवय होती. एका मुलाखतीत मुलांना शिकवले आहे का, असे विचारले असता मी ‘आय लव्ह टीचिंग चिल्ड्रन’ असे उत्तर देताना ‘चिल्ड्रन’वर भर दिला, आणि प्रौढांना शिकवायला मला आवडत नाही, असा समोरच्यांचा ग्रह झाला. शब्द सगळे बरोबर होते. सूर ‘लव्ह’वर वळायला हवा होता.

याची किल्ली मला मराठीतच सापडली. भर देण्यासाठी आपल्याकडे ‘च’ आहे, हिंदीत ‘ही’ आहे, आणि इंग्रजीत ते काम मुख्यतः आवाज करतो. (‘आय ओन्ली टोल्ड हिम’ हे ‘मीच त्याला सांगितले’चे शब्दशः भाषांतर आहे; ते कृपया सोडून द्यावे.) ‘मीच पोहे केले’ म्हणायचे असेल, तर ‘आय मेड द पोहा’मध्ये सूर ‘आय’वर वळतो आणि पुढचे शब्द खालच्या पट्टीत सरळ जातात, ‘मी पोहेच केले’ म्हणायचे असेल, तर तो ‘पोहा’वर वळतो. म्हणून वाक्य आधी मनात मराठीत म्हणावे आणि ‘च’ कोठे बसतो ते पाहावे. तो कोठेच बसत नसेल, तर शेवटच्या अर्थपूर्ण शब्दातील आघाताचे अक्षर धरावे: ‘टुमॉरो’मध्ये ‘मॉ’. मात्र तो शब्द नुकताच बोलण्यात येऊन गेला असेल, तर त्याला वगळून मागे यावे. ‘हॅव सम पोहा’ या आग्रहाला ‘आय डोन्ट लाइक पोहा’ असे उत्तर देताना सूर ‘लाइक’वर वळतो.

भर म्हणजे मोठा आवाज नव्हे, हे मी प्रत्येक वर्गात बजावते. पट्टी बदलली पाहिजे. ओरडल्याने केवळ राग दिसतो.

सरावासाठी एकाच वक्त्याचे ध्वनिमुद्रण घ्यावे, कारण सुराची वळणे प्रांताप्रमाणे बदलतात: उत्तर आयर्लंडमधील बेलफास्टमध्ये साधी विधानेही पुष्कळदा चढत्या सुरात संपतात. त्यातले एक वाक्य ऐकून ते तोंड मिटून नुसते गुणगुणावे, मोबाइलवर मुद्रित करावे, आणि वळण मूळ अक्षरावर जुळल्यानंतरच शब्द घालावेत.